वरातीतले क्लॅरिनेट आणि वहीबाहेरचे सूर

(पेठ वडगाव येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)

वरात चौकात आली, नवरदेवाचे मित्र रस्त्यावर आडवे झाले आणि त्यातल्या एकाने रुमालाचे टोक दातांत धरून त्याची पुंगी केली, की बँडला वेगळे सांगावे लागत नाही. क्लॅरिनेटवाला दोन पावले पुढे येतो आणि ‘नागीण’ सुरू होते. ही धून १९५४ सालच्या ‘नागिन’ या चित्रपटातली, संगीत हेमंतकुमारांचे. गंमत अशी, की मूळ ध्वनिमुद्रणात पुंगी नव्हतीच. कल्याणजींनी क्लॅव्हिओलिन नावाच्या विजेवरच्या छोट्या वाद्यावर ती वाजवली आणि जोडीला रवी यांची हार्मोनियम होती. पुंगीची नक्कल विजेच्या वाद्याने केली आणि त्या नकलेची नक्कल गेली सत्तर वर्षे गावोगावची क्लॅरिनेट्स करत आली आहेत.

त्या वादकाकडे जरा जवळून पाहावे. त्याचे गाल फुगलेले असतात. एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना तो बोट उचलत नाही, भोकाच्या कडेवरून तळव्याकडे घसरवतो. खालचा ओठ मधूनच सैल सोडतो, तेव्हा सूर लोंबल्यासारखा खाली येतो. नाचणारा फणा काढून अंगावर आला, की वादक वाजवता वाजवता घशातून आवाज काढतो आणि क्लॅरिनेट गुरगुरल्यासारखे बोलते. युरोपातल्या संगीतशाळेत पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने यातले काहीही केले असते तर गुरुजींनी त्याला थांबवले असते : गाल फुगवायचे नाहीत, सूर ढळू द्यायचा नाही, घसा मध्ये आणायचा नाही. विसाव्या शतकात त्याच युरोपातल्या रचनाकारांनी नेमक्या याच गोष्टी स्वरलिपीत खुणा करून लिहायला सुरुवात केली आणि त्यांना नाव मिळाले विस्तारित वादनतंत्रे.

प्रस्तुत वक्त्याचे म्हणणे थोडक्यात असे आहे. या तंत्रांपैकी निम्मी आपल्या रस्त्यावर आधीपासून होती. उरलेली निम्मी आपल्या कानाला अजून मानवलेली नाहीत. आणि दोन्हींची नोंद ठेवायचे कष्ट आपण घेतलेले नाहीत.

क्लॅरिनेट जन्मले जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग शहरात, १७०० च्या आसपास, योहान ख्रिस्टोफ डेनर या वाद्यकाराच्या हातून. डेनर १७०७ साली वारला. पुढच्याच वर्षी सेनापती धनाजी जाधव इथे, या वडगावात निवर्तले. त्यांची समाधी सगळ्यांना ठाऊक आहे. वाद्याचे वय मनात बसवायला वडगावकरांना एवढी खूण पुरे. आपल्याकडे ते आले पलटणींच्या बँडबरोबर. साहेबाच्या पलटणीचा बँड पाहून संस्थानिकांनी आपापले बँड उभे केले, आणि पुढे दरबार ओसरले तसे हेच वाद्य लग्नात, मिरवणुकीत, उरुसात, जत्रेत शिरले. ऑकलंड विद्यापीठातले संगीताभ्यासक ग्रेगरी बूथ यांनी भारतातल्या लग्नाच्या बँडवर २००५ साली ‘ब्रास बाजा’ नावाचे अख्खे पुस्तक लिहिले. आपल्या दाराशी वाजणाऱ्या वाद्यांवरचे पुस्तक ऑकलंडहून यावे, यावर काय बोलायचे!

पण सनई असताना क्लॅरिनेट कशाला, हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर नळीत आहे. सनईची नळी तोंडाशी निमुळती आणि खाली रुंद होत जाणारी. क्लॅरिनेटची नळी बव्हंशी सरळ, एकाच जाडीची. वरचे टोक पत्तीने जणू बंदच केलेले. अशा नळीतून एक विचित्र गोष्ट घडते. सनईवर जोर वाढवला की त्याच बोटांवर वरच्या सप्तकातला तोच स्वर मिळतो. क्लॅरिनेटवर मंद्र षड्जाची बोटे तशीच ठेवून डाव्या अंगठ्यामागची कळ उघडली, तर मध्य षड्ज मिळत नाही, मध्य पंचम मिळतो. म्हणजे सप्तक बदलले की बोटेही बदलली. सनईवरून क्लॅरिनेटवर आलेल्या माणसाला वरचे सप्तक नव्याने शिकावे लागते. या त्रासाच्या बदल्यात मिळतो तो खालचा भरदार, काळसर, लाकडी आवाज. मंद्रातला तो पल्ला एवढ्या लांबीच्या सनईला नसतो. साधे क्लॅरिनेट जेमतेम ६६ सेंटिमीटरचे असते.

याच नळीत एक अडचणीची जागाही आहे. पहिला पल्ला संपतो तिथे जवळजवळ सगळी बोटे उघडी असतात. त्याच्या लगेच वरच्या, अर्ध्या स्वरावरच्या सुराला ती सगळी एकदम बंद करावी लागतात. ही सीमा ओलांडताना सूर तुटतो. सीमेच्या अलीकडचे तीन-चार स्वर मुळातच पोकळ, वारा मिसळलेले. युरोपातल्या वादकाला ही जागा फक्त चपळाईने पार करायची असते. आपल्या वादकाला तिथूनही मींड न्यायची असते, आणि सगळी बोटे एका क्षणात पडतात तिथे मींड कसली घेणार? म्हणून षड्ज कुठे धरायचा, हा आपल्या क्लॅरिनेटवाल्याचा पहिला हिशेब. ज्या रागात जी मींड जीव की प्राण, ती त्या सीमेवर येता कामा नये. बँडमधले नेहमीचे क्लॅरिनेट काळी पाचचे; त्यावर कोणता स्वर ‘सा’ मानायचा, हे वादक रागाप्रमाणे आणि गाण्याप्रमाणे ठरवतो. हा हिशेब कोणत्याही पुस्तकात छापलेला नाही.

मींड हीच आपल्या क्लॅरिनेटची खरी कसोटी. आपल्याकडचे श्रोते वाद्याला एकच प्रश्न विचारतात : गाते का? कळ दाबली की ठोक स्वर निघतो. एकोणिसाव्या शतकात, १८३९ च्या सुमारास, पॅरिसमध्ये क्लोझे हे वादक आणि ब्यूफे हे वाद्यकार यांनी कळांची जी नवी रचना बसवली, तिचा सगळा उद्देश प्रत्येक स्वर दुसऱ्याइतकाच स्वच्छ आणि स्वतंत्र निघावा हा होता. कोमल स्वरांना स्वतंत्र कळा आल्या. आपल्या वादकाला मात्र रे आणि ग यांच्या मधली गल्ली हवी होती. मग तो कोमल गंधाराची कळ असूनही ती वापरत नाही. भोक अर्धे झाकून स्वर काढतो, कारण कळ उघडते ती एकदम उघडते आणि बोट हवे तेवढेच सरकते. दरबारीतला आंदोलित गंधार घ्या. ओठाने क्लॅरिनेटचा सूर खाली ओढता येतो, वर ढकलायला गेले तर फारसे हाती लागत नाही. म्हणून जाणकार वादक बोटे थोड्या चढ्या स्वरावर ठेवतो आणि ओठ व घसा सैल करत गंधार वरून खाली झुलवतो. वरच्या सप्तकात हे खेळणे सोपे, मंद्रात ओठाला दाद फार कमी मिळते. तिथे सगळा भार बोटावर.

याच घसरणीने पश्चिमेत एक दिवस खळबळ उडवली. १२ फेब्रुवारी १९२४ रोजी न्यूयॉर्कच्या एओलियन हॉलमध्ये पॉल व्हाइटमनच्या वाद्यवृंदाने जॉर्ज गर्श्विनची ‘ऱ्हॅप्सडी इन ब्लू’ सादर केली. आरंभी एकट्या क्लॅरिनेटची चढती तान होती. गर्श्विनने ती सुटे स्वर लिहून दिली होती. तालमीत रॉस गॉर्मन या वादकाने थट्टा म्हणून शेवटचे स्वर एकमेकांत मिसळत, रडका सूर काढत वर नेले. गर्श्विनला ते इतके आवडले की त्याने तसेच वाजवायला सांगितले. आज जगभरचे क्लॅरिनेटवादक ती घसरण शिकतात.

पण ती निघते कशी, याचे शास्त्रीय उत्तर यायला २००९ साल उजाडले. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जेर-मिंग चेन, जॉन स्मिथ आणि जो वोल्फ यांनी वादकाच्या तोंडातल्या पोकळीची मोजमापे वाजवता वाजवताच घेतली. त्यांना आढळले ते असे. बोटे हळूहळू उघडणे हा अर्धाच भाग. वरच्या पल्ल्यात जीभ आणि घसा यांच्या मांडणीने तोंडाच्या पोकळीचा अनुनाद इतका प्रबळ होतो की पत्ती नळीचे ऐकण्याऐवजी तोंडाचे ऐकू लागते. म्हणजे वादक जवळजवळ गातच असतो, फक्त कंठाचा आवाज न काढता. आपले उस्ताद शागिर्दाला वाद्य हातात देण्याआधी गळ्यावर चीज बसवायला लावतात, त्यामागे भावनेखेरीज हेही एक कारण असू शकेल.

गाणारे क्लॅरिनेट ऐकायचे तर मास्टर इब्राहिम यांच्या जुन्या ७८ फेऱ्यांच्या ध्वनिमुद्रिका शोधाव्यात. चित्रपटगीते त्यांनी क्लॅरिनेटवर अशी वाजवली की ऐकणाऱ्याला शब्द आपोआप आठवत. त्या काळी गाण्याची तबकडी आणि तिच्यामागोमाग त्याच गाण्याची वाद्यावरची तबकडी, असा रिवाज होता; मास्टर इब्राहिम त्या रिवाजाचे मोठे नाव. पुण्यात बंडोपंत सोलापूरकरांच्या प्रभात ब्रास बँडने गणपतीच्या विसर्जन मिरवणुकीत लोकांना रस्त्यावर उभे राहून नाट्यगीत ऐकायची सवय लावली. दक्षिणेत तर क्लॅरिनेटने मैफलीची बैठकच मिळवली. तिरुचिरापल्लीचे ए. के. सी. नटराजन, जन्म १९३१ चा, मूळचे नागस्वरम शिकलेले. कर्नाटक संगीतातल्या गमकांचे सगळे हेलकावे त्यांनी क्लॅरिनेटवर आणले आणि २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. हिंदुस्थानी पद्धतीत मात्र बँडच्या गणवेशातून बाहेर पडून गादीवर बसायला क्लॅरिनेटला फार थोड्या वेळा मिळाले. कोल्हापुरात १८८३ पासून देवल क्लब ही संगीतसंस्था आहे, अल्लादियाखाँसाहेबांसारखा गवई या शहराने अनेक वर्षे सांभाळला. कानांची कमतरता या जिल्ह्यात नव्हती. कमतरता होती ती बँडवाल्याला वादक म्हणण्याच्या तयारीची. हे कडू आहे, पण खरे आहे.

बाहेरही हीच कथा वेगवेगळ्या वेषांत दिसते. न्यू ऑर्लीन्सच्या जॅझवाल्यांतले जॉनी डॉड्स, बार्नी बिगार्ड हे नव्या कळांच्या क्लॅरिनेटपेक्षा कमी कळांच्या जुन्या अल्बर्ट पद्धतीचे वाद्य पसंत करत. तुर्कस्तानात मुस्तफा कांदिराली यांनी त्यांच्या मकामांतले, म्हणजे तिकडच्या रागांतले, आपल्या श्रुतींसारखे बारीक स्वर क्लॅरिनेटवर वाजवले. पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या लग्नांत नाफ्तुले ब्रांडवाइनसारखे वादक सुराला हुंदका द्यायचे. सगळी मंडळी लग्नात वाजवणारी किंवा नाचाला साथ करणारी. लोकांना गळ्याचा सूर हवा होता, तो त्यांनी कळांच्या वाद्यातून काढून दिला.

आता श्वास. अखंड सूर, म्हणजे वाजवता वाजवताच नाकाने श्वास घेणे, हे युरोपीय क्लॅरिनेटच्या पुस्तकात विसाव्या शतकात अवघड तंत्रांच्या यादीत आले. सनईच्या सुरवाल्याला, म्हणजे मुख्य वादकामागे बसून एकच आधारस्वर धरणाऱ्याला, हे तंत्र नसेल तर पहिल्याच दिवशी घरी पाठवतील. युक्ती अशी : गालात हवेचा साठा करायचा, गाल आवळून ती हवा नळीत ढकलत असतानाच नाकाने पटकन श्वास ओढायचा, आणि छातीची हवा पुन्हा सुरू करायची. सरावासाठी पाण्याच्या ग्लासात नळी बुडवून बुडबुडे थांबू न देणे हा जगभरचा उपाय. याच हातकणंगले तालुक्यात हुपरी आहे, चांदीच्या कामाचे गाव. तोंडाने फुंकणी धरून दागिन्याला डाख देण्याची जुनी रीत आठवणाऱ्यांना हा श्वास नवा वाटणार नाही. ज्योत मध्येच मंदावली तर डाख बसत नाही, म्हणून फुंकणीवाल्या कारागिराची फुंकही अशीच अखंड लागते.

आणि या श्वासाची एक जुनी शाळा महाराष्ट्रात आहे ती पालघरच्या डोंगरांत. तारपा हे वारल्यांचे वाद्य क्लॅरिनेटच्या नात्यातले आहे, हे फारसे कुणी सांगत नाही. सनईची पत्ती दुहेरी. क्लॅरिनेट, पुंगी आणि तारपा यांची एकेरी. वाळलेला दुधी भोपळा, त्यात बसवलेल्या दोन नळ्या, बांबूची कापून उठवलेली पत्ती आणि पुढे ताडाच्या पानांचा लांब कर्णा. सुगीनंतर दिवाळीपर्यंत रात्र रात्र नाच चालतो आणि तारपेवाला सूर तुटू देत नाही. जव्हार तालुक्यातले भिकल्या लाडक्या धिंडा हे या वाद्याचे नामवंत वादक. पुंगीतही दोन नळ्या असतात, एकीवर धून आणि दुसरीवर अखंड आधारस्वर. म्हणजे एका श्वासात दोन सूर ही गोष्ट आपल्या मातीला अनोळखी नाही.

क्लॅरिनेटवर ती साधली अमेरिकेच्या विल्यम ओ. स्मिथ या माणसाने. त्याचे आयुष्य दोन नावांचे. जॅझमध्ये डेव्ह ब्रूबेकबरोबर वाजवताना तो बिल स्मिथ. रचनाकार म्हणून विल्यम ओ. स्मिथ. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात त्याने अनेक वर्षे शिकवले, २०२० साली तो वारला. १९६० च्या सुमारास तो एका वेगळ्याच शोधाला लागला : क्लॅरिनेटमधून एका वेळी एकाहून जास्त सूर निघतील अशी बोटांची कोणकोणती मांडणी आहे? नेहमीच्या मांडणीत हवेचा स्तंभ एका शिस्तीत कंप पावतो. मधलेच एखादे भोक उघडले, बाकीची बंद ठेवली, ओठ किंचित सैल केला, की स्तंभाचा गोंधळ उडतो आणि तो दोन वेगवेगळ्या कंपनांत एकदम सापडतो. कानाला एक खालचा सूर, एक वरचा आणि दोघांच्या घर्षणाचा खरखरीत पडदा ऐकू येतो. स्मिथने १९६३ साली एकट्या क्लॅरिनेटसाठी ‘व्हेरिअंट्स’ लिहिले आणि असे बहुस्वर त्यात भरले. १९६७ साली ब्रूनो बार्तोलोत्सी या इटालियन रचनाकाराचे लाकडी सुषिर वाद्यांच्या नव्या आवाजांवरचे पुस्तक आले, तेव्हापासून हे शास्त्रच झाले. स्मिथ पुढे दोन क्लॅरिनेट्स एकदम तोंडात धरून वाजवू लागला. स्फूर्ती होती प्राचीन ग्रीकांच्या भांड्यांवर रंगवलेल्या जोडनळीच्या वाद्याची. वारली भिंतींवरही तारपेवाला रंगवलेला असतोच. स्मिथने ती भिंत पाहिली असती तर!

नवशिक्याच्या क्लॅरिनेटमधून चिरका सूर निघतो तेव्हा आपण म्हणतो बेसूर. बहुस्वर ऐकणाऱ्या आपल्या रसिकाची पहिली प्रतिक्रिया हीच असते. यात रसिकाचा दोष नाही. आपल्या संगीताचा डोलारा एका षड्जावर उभा आहे आणि क्लॅरिनेटमधून निघणाऱ्या या जोडसुरांतले अंतर बहुतेक वेळा आपल्या कोणत्याही श्रुतीत बसत नाही. पण या प्रतिक्रियेला एक उलटतपासणी हवी. मिरजेत फरीदसाहेब सितारमेकरांपासून चालत आलेली तंबोऱ्याची विद्या काय करते? घोडीचा माथा घासून, तारेखाली दोरा सरकवून ती तारेचा स्वच्छ आवाज मुद्दाम बिघडवते, म्हणजे त्यातले वरचे सूर झणझणत बाहेर यावेत. त्याला आपण जवारी म्हणतो आणि तिच्याशिवाय तंबोरा मुका वाटतो. तारेतला खरखरीतपणा आपल्या कानाला अमृत आणि फुंकरीतला बेसूर, हा भेद सवयीचा आहे. जवारी लावणाऱ्या कानाने क्लॅरिनेटचा खालचा एखादा सौम्य बहुस्वर षड्जाच्या आधाराला लावून पाहायला काही हरकत नाही. एखाद्या तरुण वादकाने हे करून पाहावे, फसले तर सोडून द्यावे.

बाकीची तंत्रे थोडक्यात सांगण्यासारखी आहेत. जीभ ‘र्र्र’ अशी फडफडवत फुंकणे हे आल्बान बेर्गने १९१३ सालच्या क्लॅरिनेट आणि पियानोच्या चार तुकड्यांत लिहिले. ज्याला ‘र’ नीट म्हणता येतो त्या मराठी माणसाला हे आठवड्यात जमते. जीभ पत्तीला चिकटवून ओढून सोडली की ‘टप्’ असा मृदंगाच्या थापेसारखा आवाज निघतो. न फुंकता नुसत्या कळा खडखडवणे, नळीत नुसता वारा सोडणे, पत्तीवर दात टेकवून शिट्टीसारखा अतितार सूर काढणे, हेही रचनाकारांनी लिहिले आहे. यातले काही प्रकार खरोखर संगीत घडवतात. बरेचसे नुसते चमत्कार आहेत आणि ते तसेच म्हटलेले बरे. ल्युचानो बेरिओचे १९८० सालचे ‘सेक्वेन्झा ९’ ऐकले की फरक कळतो. तिथे बहुस्वर तानेच्या ओघात येतो, पाहुण्यांना दाखवायला म्हणून येत नाही. त्याच्याही आधी ऑलिव्हिए मेसियाँने काहीही विचित्र न करता क्लॅरिनेटची हद्द दाखवून दिली होती. १५ जानेवारी १९४१ रोजी जर्मनांच्या गर्लिट्झ इथल्या युद्धकैद्यांच्या छावणीत त्याची काळाच्या अंताची चतुष्टयी पहिल्यांदा वाजली. तिच्यातल्या एकट्या क्लॅरिनेटच्या भागात सूर ऐकू न येण्याइतका बारीक सुरू होतो आणि कानठळ्या बसेपर्यंत वाढत जातो. वादक होता कैदी आंरी आकोका.

कार्लहाइन्झ श्टॉकहाउझेनचे उदाहरण या गावात सांगायलाच हवे. १९७५ साली त्याने सुझान स्टीव्हन्स या वादिकेसाठी ‘हार्लेकिन’ लिहिले. सुमारे पाऊण तास वादिका विदूषकाच्या कपड्यांत क्लॅरिनेट वाजवत रंगमंचावर नाचते, फिरते, पाय आपटते. पाश्चात्त्य संगीताच्या इतिहासात याची नोंद धाडसी प्रयोग म्हणून आहे. आपला क्लॅरिनेटवाला झगमगीत गणवेशात, उन्हात, गुडघे टेकून, नोटा उडत असताना, समोरच्या नागाच्या डोक्याच्या उंचीला वाद्य खाली आणून वाजवतो. त्याची नोंद लग्नाच्या खर्चाच्या वहीत असते.

ही तुलना थट्टेची नाही. फरक आहे आणि तो समजून घ्यायला हवा. श्टॉकहाउझेनने प्रत्येक हालचाल आणि प्रत्येक स्वर कागदावर लिहिला, म्हणून आज ‘हार्लेकिन’ दुसऱ्या कुणालाही शिकता येते. बँडवाल्याची विद्या हातातून हातात गेली. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत या दोन जगांची गाठ पडली होती. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत स्वरलिपी शिकून आलेले वादक होते. सॅक्सोफोन आणि क्लॅरिनेट वाजवणारे मिकी कोरिया १९३९ पासून दोन दशके ताजमहाल हॉटेलात आपला बँड चालवत होते. कागद वाचणारे गोवेकर आणि मींड जाणणारे आपले लोक एकाच ध्वनिमुद्रण कक्षात बसायचे. तिथे या मींडीसाठी लिपी तयार व्हायला हवी होती. झाली असती तर आज शिकणाऱ्या मुलाला घसरत्या बोटाची खूण वाचता आली असती. मुद्रणाची घाई असे, गाणे झाले की माणसे पुढच्या स्टुडिओकडे पळत. खूण कुणी केली नाही.

आणि आता बँडच कमी होत चालला आहे. वरातीत बेंजो आला, मागून डॉल्बी आली; भिंती हादरवणाऱ्या आवाजात अर्ध्या झाकलेल्या भोकाची मींड कुणाला ऐकू जाणार? बँडमध्येही क्लॅरिनेटची जागा छोट्या कीबोर्डने घेतली, कारण कीबोर्डला रीड, म्हणजे पत्ती, लागत नाही. क्लॅरिनेटची चांगली रीड दक्षिण फ्रान्समधल्या पोकळ गवताची, डबीतून मोजून विकत घ्यायची, आणि हंगामात ओठाखाली झिजली की दुसरी. हा खर्च सुपारी घेणाऱ्याच्या हिशेबात बसत नाही. यात कुणाला दोष देऊन भागणार नाही.

मात्र एक काम वडगावात आणि आसपासच्या गावांत करता येण्याजोगे आहे आणि त्याला अनुदान लागत नाही. बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवलेली माणसे या भागात अजून आहेत. कुणी शेती करतो, कुणाचे वाद्य कपाटावर पडले आहे. त्यांच्याकडे फोन घेऊन जावे. नुसते गाणे मुद्रित करू नये. कॅमेरा बोटांजवळ धरावा. कोणत्या स्वराला ‘सा’ मानला, कोणते भोक अर्धे झाकले, कोणती कळ मुद्दाम टाळली, ओठ कुठे सोडला, रीड कोणत्या नंबरची, हे त्यांच्याच तोंडून विचारून घ्यावे. ‘नागीण’ वाजवताना घशातला आवाज नेमका कधी मिसळतात, तेही विचारावे. हे मुद्रण गावातल्या वाचनालयात वादकाच्या नावानिशी ठेवावे, त्याची एक प्रत देवल क्लबसारख्या संस्थेला द्यावी. पुढच्या लग्नसराईच्या आत सुरुवात केली, तर या व्याख्यानमालेच्या पुढच्या वर्षीच्या व्यासपीठावर वक्त्याऐवजी एखादा वादक बसवता येईल. संयोजकांनी तसा विचार जरूर करावा.